अनाक क्राकाताऊचं चित्र: रंगीत की रडारचं?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळाच्या विज्ञान फलकावर इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची कोणती चित्रं लावायची, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची रंगीत की त्याच्याच भावंडाची, सेंटिनेल-१ ची, करडी, रडारची? दोन्ही फुकट मिळतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही.

रंगीत चित्र पाहताक्षणी कळतं. धुराचा लोट, राखेनं माखलेली झाडी, किनाऱ्याजवळ बदललेला पाण्याचा रंग. अवरक्त पट्ट्यात (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात) तापलेला लाव्हाही उठून दिसतो. पण ढग किंवा राख आडवी आली की कारभार आटोपला.

रडारचं मोल २२ डिसेंबर २०१८ ला कळलं. त्या रात्री या ज्वालामुखीची नैर्ऋत्य बाजू समुद्रात कोसळली, त्सुनामी आली आणि चारशेहून अधिक माणसं गेली. वर राखेचं दाट छत. तरी काही तासांतच सेंटिनेल-१ ने डोंगराचा नाहीसा झालेला भाग टिपला, कारण रडार स्वतःच्याच, ढग-राखेतूनही आरपार जाणाऱ्या लहरी सोडतं. त्याला ना ऊन लागतं, ना निरभ्र आकाश. पुढे मोजलं तेव्हा ३३८ मीटरचं शिखर जेमतेम ११० मीटर उरलं होतं.

खोट एकच: रडार तिरकं बघतं, म्हणून उतार उपग्रहाकडे लवंडल्यासारखे दिसतात. शेजारी समजावणारं कोणी नसेल तर मुलांना ती नुसती करडी धूळ वाटेल.

माझं मत रडारच्या आधी-नंतरच्या जोडीला. नासा-इस्रोच्या निसार उपग्रहाचं एस-बँड (रडारलहरींचा एक पट्टा) रडार तर आपल्या शेजारच्या अहमदाबादेतल्या इस्रोच्या केंद्रानंच घडवलंय. रंगीत एखादं कोपऱ्यात लावा, आणि खाली आपल्याजवळचा पावागडचा डोंगरही ज्वालामुखीच्याच खडकाचा आहे हे जरूर लिहा.