सोलर कॅमेरा, झटका मशीन आणि शेरू: संत्र्याच्या वावरातले 13 महिने

विहिरीवरची केबल चोरीला गेल्याचं आम्हाला कळलं तेव्हा ती जाऊन किती दिवस झाले होते, हे आजही सांगता येणार नाही. पावसाळ्यात मोटार कोण लावतो? सप्टेंबरअखेरीस आठ-दहा दिवस उघाड पडली म्हणून सालदार पेटीपाशी गेला, स्टार्टरचं बटण दाबलं, तर काहीच नाही. विहिरीपर्यंतची तांब्याची केबल गायब. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काळा डाग आणि जळक्या प्लास्टिकची सालपटं. चोरांनी तांबं तिथंच जाळून मोकळं केलं होतं, म्हणजे त्यांना घाई अजिबात नव्हती.

आमची साडेचार एकर संत्र्याची बाग कळमेश्वरच्या पुढे, काटोल रोडपासून थोडी आत. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, लावलेली. ते होते तोवर हंगामात बंड्यातच (वावरातल्या खोलीत) झोपायचे, त्यामुळे रखवालीचा विचार आम्ही कधी केलाच नाही. आता आम्ही दोघं नोकरीपायी नागपुरात, वावर घरापासून 38 किलोमीटर. सालदार दिवसभर असतो, रात्री गावात आपल्या घरी जातो. बिबट्याची भीती असलेल्या भागात त्याने एकट्याने वावरात झोपावं, असं म्हणायला आमची जीभ रेटली नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "बिल आहे का?" केबल सात वर्षांपूर्वीची, बिल कुठलं असणार. तेव्हा नवीन काही घ्यायच्या आधी एक बिनपैशाचं काम करून टाका: मोटारीच्या पाटीचा, स्टार्टरचा आणि सगळ्या बिलांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आम्ही नंतर मोटारीवर वेल्डिंगने आडनावाचं अक्षरही काढून घेतलं. दिसायला वाईट दिसतं, पण विकायलाही तेवढंच वाईट.

मग ऑक्टोबरात खरेदी झाली. सोलर पॅनलवर चालणारे, सिम कार्डाचे दोन कॅमेरे, 6,800 ला एक. झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे टोले सोडणारं यंत्र, बॅटरी, पॅनल आणि हूटरसकट (भोंगा) 11,500. त्याची तार, इन्सुलेटर आणि खांब मिळून 14 हजार. पांदण रस्त्याच्या बाजूने 210 फूट चेनलिंक जाळी, पाच फूट उंच, सिमेंटच्या खांबांवर, 31 हजार. आणि पेटीपासून विहिरीपर्यंत नवी केबल, जमिनीत पाईपमधून, 9 हजार. सगळे मिळून 79 हजारांच्या वर गेले. वर दोन्ही सिमचं रिचार्ज महिन्याला साडेचारशेच्या आसपास, ते कायमचं. कृषी पंपाची लाईन ठरलेल्या तासांचीच असते, त्यामुळे विजेवरचा कॅमेरा आमच्याकडे बादच होता.

पहिल्या महिन्यात मी कॅमेऱ्यावर बेहद्द खूश होते. ऑफिसमधून वावर दिसतं, रोही (नीलगाय) कुठून शिरतो ते दिसतं, सालदार किती वाजता आला तेही दिसतं (हे त्याला फारसं आवडलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं; दिवसा कॅमेरा बंद ठेवायचं आम्ही आपसात ठरवलं). मग नोव्हेंबर आला, आंबिया बहाराची फळं रंगावर आली, आणि एका रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी मोबाईल वाजला.

दोन माणसं, हातात रिकामे कट्टे, म्हणजे पोती. पडद्यावर अगदी स्पष्ट. सालदाराला फोन लावला, बंद. 112 लावला, त्यांनी लगेच उचलला, सगळं नीट विचारून घेतलं, गाडी पाठवतो म्हणाले. ह्यांनी कार काढली. तेवढ्या वेळात मला आठवलं की कॅमेऱ्यात स्पीकर आहे. बटण दाबून जिवाच्या आकांताने ओरडले, "कोण आहे रे तिथं!" त्यातल्या एकाने वर पाहिलं. तोंडाला दुपट्टा होता. पाहिलं, आणि शांतपणे पुढच्या ओळीत गेला, जिथं कॅमेरा पोचत नाही. मी घरात बसून स्वतःच्या बागेची चोरी लाईव्ह पाहिली. गस्तीची गाडी 35 मिनिटांत पोचली, त्या अंतराला ते कमी नाही. पण तोवर आठ-नऊ क्रेट माल तोडून झाला होता आणि अर्ध्या झाडांच्या फांद्या मोडल्या होत्या. तोडणारे कात्री थोडीच आणतात, ओरबाडतात.

सकाळी शेजारच्या वावरातले काकाजी आले. जाळी पाहिली, कॅमेरा पाहिला, तंबाखू मळत म्हणाले, "मशीन बोंबलंन वो सूनबाई, पन धावंन कोन?"

राग आला होता, पण मुद्दा तोच होता. 79 हजार खर्चून घंटा आम्ही वाजवली ती 38 किलोमीटरवरच्या झोपलेल्या घरात. काकाजींचं घर वावरापासून 400 मीटरवर. त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन, पण नातू बारावीला, आणि रात्री दोनपर्यंत मोबाईलवर जागा असतो याची आख्ख्या घराला तक्रार. त्याच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं आणि त्याचं रिचार्ज आमच्याकडे घेतलं. "काकू, मी जागाच असतो," म्हणाला. आजीने कपाळावर हात मारला.

याच खरेदीतली ही एक गोष्ट बॉक्समध्ये नव्हती, आणि तिच्यानंतर सगळं बदललं. फेब्रुवारीत पुन्हा कोणीतरी आलं, या वेळी विहिरीकडून, आणि झटक्याची तार कापली. व्होल्टेज पडलं की हूटर वाजतो, तो वाजला. नातवाने ॲपवर पाहिलं, काकाजी आणि त्यांचा मुलगा गच्चीवरून दोन मोठ्या टॉर्चचा उजेड मारत ओरडले. जवळ कोणी गेलं नाही, तसं आधीच ठरलेलं होतं. चार मिनिटांत पळापळ झाली. सकाळी तारेपाशी हॅक्सॉ ब्लेड आणि एक चप्पल सापडली. चप्पल अजून बंड्यात आहे.

आता वस्तूंबद्दल एकेक.

कॅमेरा. बॉक्सवर रात्रीची रेंज 30 मीटर लिहिली आहे. माणूस आहे हे 15 मीटरपर्यंत कळतं, चेहरा सात-आठच्या पुढे नाही. आणि सालदाराने जे पहिल्याच रात्री सांगितलं ते मला आधी कळायला हवं होतं: "वहिनी, थो कॅमेरा रातच्याले लाल डोये काढते, दुरूनच दिसते." अंधारात पाहण्यासाठी त्यात जे दिवे असतात ते 850 नॅनोमीटरचे असले की मंद लाल चमकतात. 940 चे असले तर चमक दिसत नाही, पण पल्ला आणखी कमी. चोराला कळावं असं वाटत असेल तर पहिला, कळू नये असं वाटत असेल तर दुसरा. विकणाऱ्याला हे विचारलं तर त्याने "मॅडम, सगळे सेमच असतात" म्हणून सांगितलं. ते सेम नसतात. क्लाऊड रेकॉर्डिंग तीन महिने फुकट, चौथ्या महिन्यापासून पैसे, हेही त्याने सांगितलं नाही. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच असतं, म्हणजे कॅमेरा उपटून नेला की पुरावाही गेला. म्हणून एक कॅमेरा दुसऱ्याला दिसेल असा लावला आहे.

उन्हाळ्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ही मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती. एप्रिलअखेर पारा 44 च्या पुढे गेला आणि कॅमेरे रात्री दोन-तीनला बंद पडायला लागले. बॅटरी रिकामी. नागपूरचं ऊन, वर सोलर पॅनल, आणि चार्जिंग नाही! आधी वाटलं पॅनलवर धूळ. पुसून पाहिलं, फरक नाही. कारण नंतर कळलं: आत लिथियम बॅटरी असते, आणि तिचं तापमान साधारण 45 अंशांच्या वर गेलं की सर्किट चार्जिंग थांबवतं, बॅटरी वाचावी म्हणून. बाहेर 44 असताना उन्हात तळणाऱ्या काळ्या डब्याच्या आत काय असेल? म्हणजे सकाळी नऊनंतर संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत बॅटरीत काही जातच नव्हतं. पॅनल दक्षिणेकडे तसंच ठेवलं, कॅमेरा खांबाच्या उत्तर बाजूला घेतला आणि वर पांढरा रंग दिलेली फळी ठोकली. दोन दिवसांत बॅटरी रात्रभर पुरायला लागली.

उन्हाळ्यातच दुसरी गंमत. हलणारा माणूस ओळखणारा सेन्सर माणूस पाहत नाही, अंगाची उष्णता आणि मागच्या पसाऱ्याची उष्णता यांतला फरक पाहतो. दुपारी मागचं सगळंच माणसाच्या अंगाएवढं तापलेलं, मग त्याला कोण दिसणार? मुद्दाम दिवसा कॅमेरा चालू करून पाहिला, तर सालदार समोरून चालत गेला तरी दुपारी एकदाही घंटी वाजली नाही. रात्री ठीक.

पावसाळ्यात उलटं. दिव्याच्या उबेला आणि किड्यांना कोळी येतात, लेन्ससमोर जाळं विणतात, ते वाऱ्याने हललं की ॲप ओरडतं. जुलैत एका रात्री 63 वेळा. नातवाने आवाज बंद करून टाकला, आणि मी त्याला काही बोलू शकले नाही. आता दर रविवारी बांबूला कुंचा बांधून जाळी काढणं हे काम ठरलेलं आहे.

झटका मशीन मुळात रानडुकरासाठी घेतलं, आणि त्यासाठी ते वसूल आहे. सेकंदाला साधारण एक टोला, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी. व्होल्टेज हजारांत, पण करंट टिकत नाही म्हणून सहसा जीव जात नाही. खालची तार जमिनीपासून नऊ इंचांवर हवी, नाहीतर डुक्कर खालून निघतं. माणसासाठी ते कुंपण नाही. कोरडी काठी आणि पक्कड असली की संपलं. त्याची किंमत आहे ती हूटरमुळे. पण देखभाल मागतं. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि हूटर उगाच वाजतो, दर पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत काढावंच लागतं. उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा रॉड कोरडा पडतो आणि झटका मिळमिळीत होतो. रॉडपाशी कोळसा-मीठ घालून आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतलं की टेस्टरचे दिवे परत लागतात. जंगलालगतच्या गावांत सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, आपलं गाव यादीत आहे का ते वनविभागात विचारा. आमचं नव्हतं.

आणि कोणी कितीही स्वस्तात सांगो, तारेत थेट लाईनचा करंट सोडू नका. डुकरासाठी सोडलेल्या करंटने शेजारी, गुराखी, कधी घरचाच माणूस गेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. भारतीय न्याय संहितेत मालमत्तेच्या बचावाचा हक्क आहे, पण साध्या चोरीसाठी जीव घ्यायची मुभा त्यात नाही. संत्र्याच्या दोन कट्ट्यांसाठी तर नाहीच नाही.

जाळीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 10 गेजची सांगून 12 गेजची, म्हणजे बारीक तारेची, टाकली होती, नंतर तार मोजली तेव्हा कळलं. ढोरं अडतात, माणूस चढून जातो. पण भरलेले कट्टे घेऊन परत चढता येत नाही, हा तिचा खरा उपयोग. फेब्रुवारीत त्या बाजूने कोणी आलंच नाही. उरलेल्या तीन बाजूंना जुलैत सागरगोटी लावली आहे. काटे असे की शेळीही तोंड लावत नाही. दाट व्हायला दोन-तीन वर्षं जातील, सध्या गुडघ्याएवढी आहे. मामाजी बोरीच्या काट्यांची कुपाटी घालायचे, ती फुकट होती आणि एका दिवसात व्हायची, हे आता आठवतं.

79 हजारांतले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे कुठले, असं कोणी विचारलं तर केबलचे 9 हजार. तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची घेतली, जाडी एक नंबर वाढवून, आणि दोन फूट खोल गाडली. भंगारात तिला तांब्याएवढा भाव नाही, आणि खोदायला कोणाला वेळ नाही. त्यात ना ॲप, ना सिम, ना बॅटरी.

शेरू नोव्हेंबरच्या चोरीनंतर आला, काकाजींच्या कुत्रीचं पिल्लू. आता वर्षाचा होत आला आहे. ओळखीच्या माणसावर तासभर भुंकतो आणि अनोळखी माणसाने भाकरी टाकली की शेपूट हलवतो. त्याला चोरांनी अजून आजमावलेलं नाही.

या वर्षीचा आंबिया व्यापाऱ्याला झाडावरच दिला, तोडणी गेल्या आठवड्यात संपली. एकही क्रेट गेला नाही. अडचण एकच आहे: नातवाचं बारावी होऊन आता नागपुरात कॉलेज सुरू झालं, शनिवार-रविवारीच गावात असतो. आठवड्यातले पाच दिवस ॲप कोणाच्या मोबाईलमध्ये ठेवायचं यावर काकाजींशी बोलणं चालू आहे. ते म्हणतात, हूटर मोठा आणा, मी म्हातारा माणूस, तसाही रात्री चारदा उठतो.