मखमल-लेस की चामडे-फिशनेट: गॉथ पोशाखाची जमवाजमव करण्यापूर्वी

गॉथ, म्हणजे नखशिखांत काळ्या शैलीचा, पोशाख जमवू लागलेल्या स्त्रीला आज ना उद्या दोन घराण्यांपैकी एकाकडे झुकावेच लागते. पहिले घराणे व्हिक्टोरियन शोकवस्त्रांची परंपरा सांगणारे आहे: मखमल, लेस, कमर आवळणारा कॉर्सेट, खालून रुंद होत जाणाऱ्या बाह्या आणि काळ्या खड्यांचे दागिने. दुसरे थेट पंक या बंडखोर संगीत-पोशाखशैलीतून फुटलेले, ज्याला जाणकार ‘ट्रॅड’ (ट्रॅडिशनल) म्हणतात: फिशनेट म्हणजे मोठ्या घरांची जाळी, चामड्याचे जाकीट, बक्कलांचे बूट, सेफ्टी पिना आणि जाड चांदी. सायबर, पेस्टल इत्यादी उपशाखा येथे बाजूला ठेवल्या आहेत, कारण त्यांची निवड वेगळ्याच निकषांवर होते. दोन्ही घराण्यांचे कपडे मी पुष्कळ वापरले आहेत आणि आजही दोन्ही माझ्या कपाटात आहेत. त्यांतले कोणते पुढे टांगलेले असतात हे पुढील मजकुरावरून लक्षात येईलच.

केवळ दिसण्याचा निकष लावला तर व्हिक्टोरियन बाजू सरस ठरते, आणि हे मान्य करताना मला मुळीच संकोच वाटत नाही. मखमलीची उभी लव अंगावर पडणारा प्रकाश बराचसा आतच जिरवते, त्यामुळे सपाट सुती कापडापेक्षा मखमलीचा काळा अधिक खोल दिसतो. औपचारिक समारंभात मखमलीचा लांब झगा कोणाला खटकत नाही आणि नोकरीच्या ठिकाणी गळाबंद लेसचा ब्लाउज बहुधा निमूटपणे खपून जातो. फाटक्या जाळीच्या बाह्या घालून मात्र तेथे जाता येत नाही. ज्या स्त्रीला आपली आवड चारचौघांत फारशी वाद न घालता जपायची आहे तिच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.

दोहोंचा उगम वेगळा आहे आणि त्याचा परिणाम कपड्यांच्या स्वभावावर अजूनही जाणवतो. पती प्रिन्स अल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरात वारल्यानंतर राणी व्हिक्टोरियाने १९०१ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत शोकाचा काळा पोशाख सोडला नाही, आणि त्या काळात शोक किती दिवस व कोणत्या कापडात पाळायचा याचे संकेत काटेकोर झाले: सुरुवातीला अजिबात चमक नसलेले क्रेप, आणि दागिन्यांत जेट, म्हणजे प्राचीन लाकडापासून बनलेला काळा खडा. त्या क्रेपचा रंग ओलाव्याने सुटून कातडीला लागत असे, म्हणजे काळ्या कपड्यांची कटकट काही आजची नाही. आजचा व्हिक्टोरियन गॉथ पोशाख नीटनेटकेपणाची अपेक्षा धरतो, ती तेथूनच आलेली आहे.

ट्रॅड पोशाखाची गोष्ट निराळी आहे. लंडनच्या सोहो भागात १९८२ मध्ये ‘बॅटकेव्ह’ हा क्लब सुरू झाला तेव्हा गायिका सूझी सूचे विस्कटून उभारलेले केस आणि डोळ्यांभोवतीचे जाड काळे रेखाटन अनेकींनी आधीच उचललेले होते, आणि पोशाख विकत घेण्यापेक्षा घरीच कापून-जोडून करण्याची पंकची सवयही त्यांच्या हाती होती. फिशनेट टाइट्स उलट्या धरायच्या, मधल्या शिवणीत डोके जाईल एवढे भोक पाडायचे, पायांचे पंजे कापून टाकायचे आणि दोन्ही पायांतून हात घालायचे, की अंगाला चपखल बसणारा जाळीचा ब्लाउज तयार होतो. ही युक्ती आजही तितकीच चालते. कात्री लावलेली कड दुमडून शिवण्याचीही गरज नसते, आणि ती तशी शिवली तर उलट काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

कॉर्सेट ही वस्तू व्हिक्टोरियन बाजूच्या खात्यावर मांडली जाते, मात्र छातीखालून सुरू होणारा कॉर्सेट दोन्हीकडे शोभतो, म्हणून त्यावर केलेला खर्च वाया जाण्याची भीती नाही. त्यातील पट्ट्या पोलादी असाव्यात एवढा आग्रह मी जरूर धरीन. प्लॅस्टिकच्या पट्ट्या अंगाच्या उष्णतेने कमरेशी वाकतात, वाकलेल्याच राहतात आणि मग त्यांची टोके बरगडीखाली टोचू लागतात. पोलादातही दोन प्रकार आहेत: सपाट पट्टी फक्त पुढे-मागे वाकते, म्हणून ती पाठीमागे नाडीच्या छिद्रांलगत हवी, सर्पिल पट्टी चारही बाजूंना वळते, म्हणून ती कमरेच्या वळणावरच्या शिवणींत हवी. नाडी आवळल्यावर पाठीमागची फट वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची राहते का, हे घेण्यापूर्वीच पाहावे. ती वर मिटून खाली फाकत असेल तर कॉर्सेटचा बेत आपल्या अंगाचा नव्हे, आणि कितीही ओढले तरी तो सुधारणार नाही.

मखमलीची निगा त्रासदायक आहे असे नेहमी ऐकू येते. ते खरे असले तरी माझ्या मते निर्णय बदलण्याइतके गंभीर नाही. बसण्याच्या जागी आणि कोपरावर लव दबते, त्यावर इस्त्री ठेवली तर ती कायमची चपटी होते. उलट्या बाजूने वाफ दिली आणि मऊ ब्रश फिरवला की ती बऱ्यापैकी उठते. धूळ, केस, लोकरीचे तंतू तर ती जवळून जाणाऱ्या प्रत्येकाकडून गोळा करते. तरीही हे सारे उपद्रव घरी, कपडा अंगावरून उतरवल्यावर निस्तरता येतात. ज्यांना तेवढेही नको असेल त्यांनी ताणली जाणारी विणीची मखमल घ्यावी. तिचा रुबाब थोडा कमी असतो, पण ती अंगावर बसून-उठून फारशी चुरगळत नाही.

माझ्या बाबतीत पारडे फिरवले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने: मनगटावरची लेस आणि बोटातली अंगठी यांचे काही केल्या जमत नाही. व्हिक्टोरियन गॉथ पोशाखाला दोन्ही हवे असते. बाहीची लेस बोटांच्या पेरांपर्यंत उतरलेली हवी आणि त्याखाली चार आकड्यांत उचलून धरलेला मोठा काळा खडा हवा. पिशवीत हात घातला, केस कानामागे सारले, दुसऱ्या हाताची बाही नीट केली, की त्या चार आकड्यांपैकी एक तरी लेसमध्ये रुततोच. अडकतो तो सहसा नक्षीचा जाड दोरा नसतो. नक्षीमागच्या जाळीचा, केसाइतका बारीक दोरा असतो. हात सहज झटकला तरी तो ओढला जातो, त्याच्या दोन्ही बाजूंची षटकोनी घरे आवळून चपटी होतात आणि मधोमध एक लोंबता फास उरतो. फास कापला तर घरे सुटत जातात, म्हणून बाही उजेडाकडे धरून बारीक सुईच्या टोकाने तो दोरा एकेका घरातून मागे सरकवत बसावे लागते, आणि एवढे करूनही त्या जागी जाळी किंचित सुरकुतलेलीच राहते. दुसऱ्या कोणाला ती दिसत नसेल, पण घालणारीला दिसते.

यावर उपाय नाहीत असे नाही. अंगठी उतरवून ठेवता येते, पण मग हात ओकेबोके दिसतात. बाही दुमडता येते, पण मग लेस घेतलीच कशाला असा प्रश्न पडतो. लेसचे बिनबोटांचे हातमोजे तर आणखी वाईट, कारण त्यांत जाळी अंगठीच्या अगदी शेजारी येते. ब्रेसलेटचा आकडा, घड्याळाचा पट्टा, पर्सची साखळी हे सारे त्याच कटात सामील असतात, आणि एकदा तर कोणाशी हस्तांदोलन करताना माझी बाही त्या व्यक्तीच्या ब्रेसलेटला अडकल्याने आम्हा दोघींना काही वेळ अनोळखी माणसांना न शोभणाऱ्या जवळिकीत उभे राहावे लागले. मखमलीचा उपद्रव घरी गेल्यावर सोसता येतो, हा मात्र प्रत्येक हालचालीत सोबत करतो, आणि त्यामुळे माझे लक्ष समोरच्या माणसाऐवजी स्वतःच्या मनगटाकडे राहू लागले.

फिशनेटही अडकते, किंबहुना तिची घरे मोठी असल्यामुळे जास्तच अडकते, हा आक्षेप रास्त आहे. फरक असा की फिशनेट फाटली तर पोशाख बिघडत नाही. फाटलेल्या जाळीखाली दुसरी, लहान घरांची अखंड जाळी घालावी, भोक फारच मोठे झाले तर दोन कडा सेफ्टी पिनेने जोडाव्यात, आणि ती पिन दिसली तरी कोणी दुरुस्ती समजत नाही. लेसचा ब्लाउज एका ओढलेल्या दोऱ्याने उणा होतो, फिशनेटचा तसा होत नाही. रोजच्या वापरात मला या एका गुणाचे मोल मखमलीच्या सगळ्या खोल काळेपणापेक्षा अधिक वाटत आले आहे. सर्वांनाच तसे वाटेल असे मी म्हणणार नाही.

ट्रॅड बाजूचे दोषही सांगितले पाहिजेत. चामड्याचे जाकीट जड असते, उकाड्यात अंगावर सहन होत नाही आणि दमट जागी ठेवले तर त्याला बुरशी येते. त्याला पर्याय म्हणून मिळणारे रेक्झिन मी तरी टाळते, कारण त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतील ओलाव्याने हळूहळू विघटित होतो आणि जाकीट नुसते कपाटात टांगलेले असले तरी काही वर्षांत त्याची पापडी सुटू लागते. चकचकीत पीव्हीसीची तऱ्हा वेगळी: त्यात मिसळलेले मऊपणा आणणारे द्रव्य पृष्ठभागावर येऊन ते चिकट होते, आणि काळ्या पीव्हीसीला लागून फिकट कपडा ठेवला तर त्यावर डाग उमटण्याची धास्ती राहते. बक्कलांचे उंच बूट चढवायला वेळ लागतो, खिळ्यांचा पट्टा बसताना खुर्चीला ओरखडे काढतो, आणि विमानतळावरच्या तपासणीत हा सगळा जामानिमा उतरवून ठेवताना मागची रांग आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहते हे सांगायला नको. बुटांपुरता मध्यम मार्ग हवा असेल तर आठ छिद्रांचा साधा नाडीचा बूट घ्यावा. १ एप्रिल १९६० या तारखेवरून ज्याला १४६० हे नाव मिळाले तो डॉ. मार्टेन्सचा बूट याच जातीचा, आणि तो लांब मखमली घेराखालीही विजोड दिसत नाही.

दागिन्यांत मात्र निकाल इतका सरळ नाही. इंग्लंडच्या व्हिटबी येथील जेट सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या, अरोकेरिया कुळातील झाडांच्या लाकडापासून बनलेले आहे आणि त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे हलकेपणा: त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट, तर काचेची सुमारे २.५ पट असते. त्यामुळे लांब लोलकांची कर्णभूषणे जेटची असतील तर दिवसअखेरीस कानाच्या पाळ्या दुखत नाहीत, आणि तीच काचेची असतील तर दुखतात. ‘फ्रेंच जेट’ या नावाने जे विकले जाते ती प्रत्यक्षात काळी काच असते, हे ठाऊक असावे. हातात घेतल्यावर काच गार लागते, जेट लागत नाही; आणि शंका उरलीच तर बिनचकाकीच्या चिनी मातीवर जेट हलके घासले असता तपकिरी रेघ उमटते. जेट मऊ असल्याने ते चांदीच्या साखळ्यांसोबत एका डबीत टाकू नये.

चांदीबाबत एकच सूचना पुरेशी आहे. ९२.५ टक्के शुद्धतेच्या ज्या अंगठ्यांच्या खाचा मुद्दाम काळ्या केलेल्या असतात त्या चकाकी आणणाऱ्या द्रवात बुडवू नयेत, कारण तो द्रव नकोशा काळेपणाबरोबर हवासा काळेपणाही खाऊन टाकतो. उंच भाग फक्त कोरड्या कापडाने पुसावेत. स्वस्त मिश्रधातूंच्या चोकरांनी आणि अंगठ्यांनी ज्यांच्या त्वचेवर पुरळ उठते त्यांनी निकेलचा संशय घ्यावा. युरोपीय संघाने त्वचेला लागणाऱ्या वस्तूंतून सुटणाऱ्या निकेलवर १९९४ च्या निर्देशाने मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. अशा स्त्रियांनी चांदी किंवा ३१६एल दर्जाचे पोलाद वापरून पाहावे. एकंदरीत दागिन्यांत मी जेटला झुकते माप देते, पण अंगठ्या मात्र चांदीच्याच घालते.

रंगाचा मुद्दा थोडक्यात. कोणताही काळा कपडा धुण्याने विटतो, आणि प्रत्येकाचा काळा आपापल्या दिशेने विटतो, कोणाचा निळसर तर कोणाचा तांबूस. व्हिक्टोरियन पोशाखात वरचा आणि खालचा भाग एकमेकांशी जुळावा अशी अपेक्षा असल्याने हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. ट्रॅडमध्ये सूत, चामडे, जाळी आणि धातू मुळातच एकत्र आलेले असतात, त्यामुळे दोन काळ्यांतील तफावत त्यात खपून जाते. धुताना कपडा उलटा करून थंड पाण्यात घालणे दोहोंना सारखेच लागू आहे.

मोजक्या प्रसंगी, ठरवून आणि मनासारखा वेळ काढून जी स्त्री नटणार आहे तिला व्हिक्टोरियन पोशाख मनःपूर्वक सुचवावासा वाटतो. त्या संध्याकाळी फिशनेटला त्याची सर येणार नाही. रोज किंवा दिवसाआड जिला हा पोशाख घालायचा आहे, ज्यात तिला बसमध्ये चढायचे आहे, पिशव्या उचलायच्या आहेत आणि हातांकडे न पाहता कामे करायची आहेत, तिने ट्रॅडपासून आरंभ केला तर तिची चिडचिड कमी होईल असे मला वाटते. खरेदीचा क्रम ठरवताना आधी बूट आणि छातीखालचा कॉर्सेट घ्यावा, कारण मन बदलले तरी ते दोन्ही कामी येतात. जाळी, पिना, पट्टे स्वस्त असल्याने नंतर घेता येतात. आणि लेसशिवाय करमणारच नसेल तर गिप्यूर जातीची घ्यावी. तिला मागची बारीक जाळीच नसते, नक्षीचे तुकडे जाड दोऱ्यांच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे ती क्वचितच ओढली जाते. अंगठी चहूबाजूंनी कड असलेल्या बंद कोंदणाची निवडावी. माझ्याकडे सध्या वापरात असलेला एकमेव लेसचा ब्लाउज गिप्यूरचा आहे, आणि त्याच्याही बाह्या मी कोपरापर्यंतच ठेवून घेतल्या आहेत.