नऊ महिने, सहा फ्रीलान्सर आणि १ लाख ९ हजार रुपये

सांगलीत मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई मसाल्याचा धंदा करतो. कांदा-लसूण मसाला, मिरची पूड, हळद, गोडा, मेतकूट अशी पाचच उत्पादनं. कायमचा माणूस ठेवणं परवडत नाही, म्हणून गेले नऊ महिने बाहेरची कामं फ्रीलान्सरकडून करून घेतली. कुठे किती घालवले आणि कुठे घालवायला हवे होते, ते लिहून ठेवते.

पहिलं काम मिरची पुडीच्या पाउचचं डिझाइन. पुण्याच्या एका डिझायनर मुलीने पाचही पाउचचे मिळून २२ हजार सांगितले. दोघींनीही एकदमच "अबब" म्हटलं. मग एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर ३,५०० मध्ये एक जण मिळाला, मिरचीचं पाउच चार दिवसांत तयार. मोबाइलवर झकास दिसत होतं. आम्ही हो म्हटलं आणि फाइल छपाईवाल्यांकडे गेली.

ज्यांनी पाउच छापून घेतलेलं नाही त्यांच्यासाठी: या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. आमचे सहा रंग, सहा सिलिंडर, एकेक साडेचार हजारांचा. प्रूफ, म्हणजे तपासायचा छापील नमुना, आलं ते सिलिंडर कोरून झाल्यावर. जाऊबाईंनी चष्मा लावला आणि वाचलं, "मरिची पूड". डिझायनरला मराठी येत नव्हतं आणि त्याच्या सॉफ्टवेअरमधली भारतीय लिप्यांची सेटिंग बंद होती, त्यामुळे मि ची वेलांटी म ला सोडून पुढे जाऊन बसलेली. मोबाइलवर आम्हीही नजर फिरवली होती, पण आपल्याच मालाचं नाव कोण अक्षर लावून वाचतं? अक्षरं पांढरी, मागे लाल-पिवळी छटा, म्हणून चार सिलिंडर नव्याने कोरावे लागले. १८ हजार. त्यात निव्वळ वजनाचा आकडाही बारीक होता. त्याची किमान उंची नियमाने ठरलेली असते हे तेव्हा कळलं. म्हणजे एका पाउचचं डिझाइन साडेएकवीस हजारांना पडलं. उरलेल्या चारांसाठी मुकाट्याने पुण्याच्या त्याच मुलीकडे गेलो. तिने चारांसोबत मिरचीची फाइलही सुधारून त्याच २२ हजारांत दिली, हा तिचा मोठेपणा.

तेव्हापासून कामाचा भाव ऐकायच्या आधी मी एकच विचारते: हे चुकलं तर निस्तरायला किती लागतील? पाउच चुकलं तर हजारो रुपये. इन्स्टाग्रामची पोस्ट चुकली तर काढून टाकायची. पोस्टवर मात्र आम्ही महिन्याला ६ हजार, असे पाच महिने घातले. ३० हजार! ऑर्डरी आल्या त्या डंकावर मिरची कांडताना मी मोबाइलवर काढलेल्या थरथरत्या व्हिडिओवरून. आता पोस्टचं काम पुतणी करते.

फोटोंचे १४ हजार मात्र वसूल. वीस फोटो, तेच पाउचवर, व्हॉट्सअॅप कॅटलॉगला आणि प्रदर्शनातल्या बॅनरला.

सगळ्यात दुखरं म्हणजे वेबसाइट. ३५ हजार, शिवाय मजकूर इंग्रजीत करून घ्यायचे साडेचार हजार. बेंगळुरू-हैदराबादची आपली माणसं मसाला मागवतील हा बेत. साइट चांगली झाली, मुलाने वेळेत दिली, त्याला नाव ठेवणार नाही. सुरू करायच्या आठवड्यात सीएंना सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही जीएसटीत कंपोझिशनमध्ये आहात. राज्याबाहेर माल विकता येत नाही." कंपोझिशन म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी, कमी कराची योजना. हे वेबसाइटवाल्याने सांगावं अशी अपेक्षाच चूक. सध्या साइटवर फक्त फोन नंबर आणि फोटो आहेत. कंपोझिशनमुळे आणखी एक: नोंदणीकृत फ्रीलान्सर बिलावर १८ टक्के जीएसटी लावतो आणि तो आम्हाला परत मिळत नाही. दोन कोटेशनं समोर ठेवताना मी हे धरतच नव्हते. प्लॅटफॉर्मचं सेवाशुल्क वेगळंच. आता एप्रिलपासून नियमित जीएसटीत जायचं का, यावर घरात रोज चर्चा.

कागदाचंही बघा. डिझाइनचे पैसे दिले म्हणजे हक्क आपले, असं मला वाटायचं. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी लिहून घ्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात. पुण्याच्या मुलीबरोबर एक पानाचा करार केला: हक्क कायमचे आमचे, ओपन फाइल (जिच्यात नंतर बदल करता येतात ती मूळ फाइल) सोबत, दोन दुरुस्त्या धरून, ४० टक्के आगाऊ, बाकी प्रूफ मंजूर झाल्यावर. पहिल्या माणसाकडून ओपन फाइल मागायचंही सुचलं नव्हतं. नंतर मागितली तर त्याचे वेगळे पैसे सांगितले.

पुढच्या वर्षीचा अंदाज ६० हजारांचा धरलाय. त्यातले निम्म्याहून जास्त छपाईशी संबंधित कामांना, थोडे फोटोंना, आणि काही सीएंच्या फीसाठी बाजूला, तेही काम सुरू व्हायच्या आधी. पोस्टना शून्य.

प्रूफ आलं की जाऊबाई ओसरीवर बसून मोठ्याने वाचतात, वेलांटी न् वेलांटी. त्याचे पैसे त्यांनी अजून तरी मागितलेले नाहीत.