रोबोच्या कन्सोलला काटा कोणता: स्टेपर की मूव्हिंग कॉइल?

रोबो चालवायच्या कन्सोलवर, म्हणजे नियंत्रण-पेटीवर, त्याच्या बॅटरीचं व्होल्टेज दाखवायला काटा हवा होता. स्क्रीनचं आधी सांगून टाकतो. २४० × २४० पिक्सेलच्या गोल टीएफटी स्क्रीनवर हवी तशी तबकडी काढता येते. दहा-बारा मोजमापं एकत्र दाखवायची असतील तर तोच मार्ग. पण चालवताना माझी नजर रोबोवर असते, आणि खरा काटा हलला की डोळ्याच्या कोपऱ्यातूनही कळतं. चित्रातल्या काट्याचं तसं होत नाही, निदान माझं तरी.

खऱ्या काट्यात पहिला पर्याय म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डात असते तशी एक्स-२७ प्रकारची चिमुकली स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी (स्टेप) फिरणारी मोटर. काटा ३१५ अंश फिरतो, त्यामुळे तबकडी ऐसपैस मिळते, आणि आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या पिनांवर ती थेट चालते. दिसायला फार देखणी. माझा पहिला कन्सोल तिच्यावरच होता.

अडचण एकच. आपला काटा कुठे आहे, हे तिला कळतच नाही. सुरुवातीला काटा अडसरापर्यंत मागे न्यायचा, तिथे शून्य धरायचं आणि पुढे स्टेप मोजत राहायचं. मध्ये काही स्टेप हुकल्या तर ती चूक पुन्हा शून्यावर नेईपर्यंत तशीच राहते. माझा काटा ११ व्होल्टवर ठाम उभा होता आणि रोबोची तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी प्रत्यक्षात ९ च्या खाली गेली होती. ती बॅटरी पुन्हा धड चार्ज झाली नाही. वेग हळूहळू वाढवणारा कोड लिहिला की हे बरंच आटोक्यात येतं, हेही खरं. पण माझा विश्वास उडाला तो उडालाच.

दुसरा पर्याय मूव्हिंग कॉइल मीटर: चुंबकातली कॉइल करंटच्या प्रमाणात काटा फिरवते. हा काटा जेमतेम ९० अंश फिरतो. पण करंट थांबला की स्प्रिंग काट्याला शून्यावर आणते. मोजत बसायची गरज नाही. १ मिलिअँपिअरचा मीटर ५ व्होल्टच्या पीडब्ल्यूएम पिनला (ती झटपट चालू-बंद होऊन सरासरी करंट कमी-जास्त करते) जोडायचा, तर कॉइल धरून एकूण रोध ५ किलोओहम हवा. पल्सची थरथर काट्याच्या जडपणात विरून जाते. तबकडी बदलताना जवळपास कानस चालवू नका, लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला की काटा अडकतो.

मी ९ ते १३ व्होल्टची तबकडी छापली आणि डावीकडे एक कोरी पट्टी सोडली. व्होल्टेज कितीही उतरलं तरी कोड काट्याला ९ च्या खाली जाऊ देत नाही. अर्धा सेकंद डेटा आला नाही तरच पीडब्ल्यूएम शून्य होतो. काटा कोऱ्या पट्टीत पडला की समजायचं, रोबोशी संपर्क तुटला.