जंगलातला डोंगर की नदीचं खोरं? पहिल्या लांब माउंटन बाइक राइडसाठी ट्रेल निवडताना

नकाशा उघडून बसलेल्या नवख्या माणसाचं बोट हमखास नदीवर जाऊन थांबतं. एकीकडे जंगलाने झाकलेला डोंगर, अंगावर समोच्च रेषांची दाटी. दुसरीकडे निळ्या रेघेला बिलगून जाणारी तुटक ओळ. डोंगर म्हणजे चढ आणि चढ म्हणजे धाप. नदी म्हणजे सपाट, वर पाण्याची सोबत. झाला निर्णय. माझ्या पहिल्या लांब राइडला मीही हाच हिशेब मांडला होता, आणि चौदाव्या किलोमीटरला सायकल खांद्यावर घेऊन एका कड्याच्या पायथ्याशी उभा होतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात. नकाशावर मात्र खोरी जास्त साजरी दिसतात.

दोन्हींपैकी एक ठरवायचं असेल तर माझा कौल आधीच सांगून टाकतो: सायकलवर हात नुकताच बसत असेल तर आधी जंगलातला डोंगर, खोरं नंतर. बहुतेकांचा सल्ला याच्या उलट असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चढाचा हिशेब

डोंगर आपला चढ एकरकमी वसूल करतो. समजा ४०० मीटर चढायचे आहेत. सर्वांत हलका गिअर टाकून, शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलता येतील इतक्या सावकाश चाललात, तरी बेताची तयारी असलेला माणूस तासाला ३०० मीटरच्या आसपास चढतो. म्हणजे सव्वा-दीड तास. एकदा माथ्यावर पोचलात की पुढचं सगळं उताराचं.

शिवाय नीट आखलेली ट्रेल डोंगरावर सरळ कधीच चढत नाही. सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा वाटा आखणाऱ्यांचा दंडक. दुसरा दंडक असा, की ज्या उतारावरून वाट काढायची त्याच्या तीव्रतेच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला द्यायचा नाही. यात काळजी सायकलवाल्याची कमी आणि पाण्याची जास्त. वाट त्याहून तीव्र झाली की पावसाचं पाणी तिला आडवं ओलांडून जात नाही, तिच्यातूनच धावतं, आणि चार मोठ्या पावसांत वाटेची घळ होते. म्हणूनच चढत्या वाटेला मधे मधे मुद्दाम थोडा उलटा उतार देतात, पाणी बाहेर पडावं म्हणून. आपल्याला तिथे फुकटात श्वास मिळतो.

खोऱ्यातला चढ असतो किरकोळीतला, आणि तोच फसवतो. नदी उतरत जाते. वाट तिच्यामागे उतरेलच असं नाही. नदी कड्याला घासून वळली की काठ संपतो. मग वाट २०-३० मीटर वर चढून कड्याच्या डोक्यावरून जाते आणि पलीकडे पुन्हा पाण्याशी येते. प्रत्येक ओढ्याच्या संगमाशी खाली, लगेच वर. असे वीस झाले की तुमच्या पायांनी ४००-५०० मीटरचा डोंगर चढलेला असतो, फक्त तो कोणी सांगितलेला नसतो. नकाशावरच्या समोच्च रेषा दर २० मीटर उंचीला एक अशा असतील, तर १५ मीटरचा चढ दोन रेषांच्या मधे सहज गडप होतो. हे छोटे चढ तीव्रही असतात. आंधळ्या वळणानंतर चढ अंगावर येतो, गिअर जड पडलेला असतो, पॅडल अर्ध्यात अडतं, पाय टेकतो. पंधराव्यांदा असा पाय टेकला की माणूस नदीकडे बघेनासा होतो.

म्हणून ट्रेलची माहिती वाचताना उगम आणि शेवट यांच्या उंचीतला फरक बघू नका, एकूण चढाचा आकडा बघा. तो दिलेला नसेल तर खोऱ्याच्या बाबतीत वाईटच धरून चाला.

चाकाखाली काय येतं

जंगलात पालापाचोळ्याखाली माती असते, आणि दोन दिवस उघडीप मिळालेली अशी माती म्हणजे सायकलवाल्याचं सुख. चाक रुततही नाही, घसरतही नाही. शत्रू एकच, मुळं.

एक मूळ जवळून बघू. मनगटाएवढं जाड, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टायरांनी साल सोलून काढलेली, आतलं लाकूड ओलं आणि गुळगुळीत. ते वाटेला काटकोनात आडवं असेल तर फारसं काही करावं लागत नाही. ब्रेक सोडा, हँडलवरचं वजन क्षणभर हलकं करा, चाक आपोआप वर चढून पलीकडे जातं. पण तेच मूळ तिरकं पडलेलं असेल आणि तुम्ही घाबरून पुढचा ब्रेक दाबलात, तर चाक मुळावर चढतच नाही, त्याच्या कडेकडेने सरकत जातं आणि तुम्ही सायकलच्या आधी जमिनीवर असता. झाडांच्या दाट छायेत पाऊस थांबल्यावरही एक-दोन दिवस हा ओलावा टिकतो. उघड्यावर सगळं कोरडं दिसतं म्हणून जंगलात बिनधास्त शिरू नये.

खोऱ्यात असा एकच शत्रू नसतो. पुराने आणून टाकलेला बारीक गाळ ओला असताना टायरला गोंदासारखा चिकटतो, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये भरतो आणि चाक फिरायचं थांबतं. पुढच्या वळणावर वाळू. त्यापुढे नारळाएवढे गोल गोटे, प्रत्येक आपापल्या दिशेने सरकणारा. एका किलोमीटरात तीन वेगळ्या तऱ्हांनी सायकल चालवावी लागते. हात बसलेल्याला यातच मजा येते. नवख्याची नजर मात्र पुढच्या चाकावरून हलत नाही, आणि जिथे नजर तिथे सायकल.

परतीचा रस्ता

माझ्या मते निवडीचा निकाल इथे लागतो, आणि नेमकं हेच कोणी विचारात घेत नाही.

जंगलातल्या डोंगरावरच्या ट्रेल बहुधा फेऱ्यांच्या असतात. निघाल तिथेच परत येता. लाकूडतोडीसाठी किंवा वणवा विझवायला जाता यावं म्हणून काढलेले रुंद कच्चे रस्ते मधूनमधून ट्रेलला छेदतात. पाय गेले, चेन तुटली, ढग आले, की त्या रस्त्याला लागायचं आणि उतारावर सायकल सोडून द्यायची.

स्कॉटलंडमध्ये पीबल्स गावाजवळचं ग्लेनट्रेस हे याचं उत्तम उदाहरण. भाग ओळखला जातो ट्वीड व्हॅली या नावाने, म्हणजे नाव खोऱ्याचं, पण गाजलेल्या ट्रेल सगळ्या जंगलाने भरलेल्या टेकड्यांवर. २०२३च्या सायकलिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली क्रॉस-कंट्री शर्यत याच जंगलात झाली, आणि याच जंगलात लेकरांना घेऊन जाता येईल अशी हिरव्या, म्हणजे सर्वांत सोप्या दर्जाची ट्रेलही आहे. त्याहून एक पायरी अवघड अशा निळ्यावर निघालात आणि बेत फसला तर दिवस वाया जात नाही.

खोऱ्यातली ट्रेल म्हणजे एक लांब दोरी. अमेरिकेतल्या ओरेगनमधली मॅकेन्झी रिव्हर ट्रेल घ्या. सुमारे ४२ किलोमीटर, डोंगरी तळ्यापासून खाली जुन्या उंच झाडीतून, सहाली आणि कूसा या दोन धबधब्यांना लागून. बरेच जण गाडीने वर जाऊन नदीच्या दिशेने खाली येतात. टोकाटोकांत सुमारे ५०० मीटरचा उतार. कागदावर याहून सोपं काय असणार? पण वरच्या टप्प्यात वाट लाव्हाच्या खडकांवरून जाते, काळ्या, धारदार, विस्कटलेल्या. तिथे चांगले चांगले उतरून सायकल ढकलतात. नदीसुद्धा त्या लाव्हाखाली गडप होते आणि टॅमोलिच नावाच्या अपार निळ्या डोहात पुन्हा वर येते. त्या काठावर बसून डबा उघडण्यासारखं सुख नाही. या ट्रेलला समांतर हमरस्ता आहे, म्हणून सुटका तरी होते. बहुतेक खोऱ्यांत ती सोय नसते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कडा. १८ किलोमीटरवर डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, मोडला तर १८ मागे किंवा उरलेले पुढे, दोन्हीकडे चालतच.

मोबाइलचंही तेच. माथ्यावर किंवा धारेवर रेंज बऱ्याचदा मिळते, अरुंद खोऱ्यात कडे ती अडवतात.

ब्रेक, थंडी आणि बाकीचं

डोंगराच्या बाजूने इतकं बोललो, आता त्याचा दोष. लांब उतार ब्रेकची परीक्षा बघतो. १९७६च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही मंडळींनी जुन्या जड सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्यावर उताराची शर्यत लावली. साधारण साडेतीन किलोमीटरांत ४०० मीटर खाली. ब्रेक एकच, उलटं पॅडल मारल्यावर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, लागणारा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि पुढच्या खेपेआधी हब उघडून नवं भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच ‘रिपॅक’ पडलं. आज हायड्रॉलिक डिस्क आल्या, पण भौतिकशास्त्र तेच. अर्धा तास दोन्ही ब्रेक अर्धवट दाबून उतरलात तर ते तापून ढिले पडतात आणि बोटं आखडतात ती वेगळीच. वळणाआधी ठाम दाबा, वळणात सोडा. पॅड जुने असतील तर डोंगरावर जाऊच नका.

थंडीचा अंदाज दोन्हीकडे उलटा निघतो. उंचीबरोबर हवा थंड होते, १००० मीटरला साडेसहा अंशांच्या आसपास, म्हणून डोंगरासाठी सगळे जाकीट घेतात. पण निरभ्र रात्रीनंतर थंड, जड हवा उतारांवरून घरंगळून खोऱ्याच्या तळाशी साचते. सकाळी सातला माथ्यावर ऊन आणि खाली धुकं, बोटं बधिर. खोऱ्यात उशिरा निघणं शहाणपणाचं, तेवढाच झोपेचा फायदा.

दर्जाचे रंग सगळीकडे सारखे नसतात. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल, काळा अशी उतरंड आहे. उत्तर अमेरिकेत मधला लाल बहुधा नसतोच, निळ्यानंतर थेट काळा, ‘ब्लॅक डायमंड’. त्यामुळे तिथल्या निळ्यात बरंच काही मावतं.

सायकलीवर फार वेळ घालवू नका. पुढे १२०-१४० मिलिमीटर सस्पेन्शन, ट्यूबलेस टायर आणि ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवताना सीट खाली-वर करता येणारी दांडी, असेल तर दोन्हीकडे भागतं. ड्रॉपर पोस्टचं मोल डोंगराच्या लांब उतारापेक्षा खोऱ्यातल्या सततच्या चढ-उतारांत जास्त कळतं. खोऱ्यातून आल्यावर पाण्यात बुडालेले हब आणि पॅडलचा आस फिरतो तो बॉटम ब्रॅकेट उघडून बघायचा कंटाळा मात्र परवडत नाही.

तरी खोरंच हवं असेल तर

हट्ट समजू शकतो; पाण्याच्या आवाजात सायकल चालवण्याला तोड नाही. तीन-चार वेळा डोंगरावरच्या निळ्या ट्रेल पाय न टेकता झाल्या असतील, पंक्चर आणि चेन स्वतः जोडता येत असेल, सोबत कोणी असेल, तर जा. फक्त गाडीने वर जाऊन खाली येण्याचा मोह पहिल्या खेपेला टाळा. खालच्या टोकापासून, उगमाकडे तोंड करून निघा. अवघड भाग ताज्या पायांनी बघून होतो, परतीला उतार हाताशी राहतो, आणि कुठेही मागे वळता येतं. ठरवलेल्या वेळेचा निम्मा भाग झाला की वळा, समोर कितीही सुंदर डोह दिसत असला तरी.

आणि नदी बर्फावर पोसलेली असेल तर वाटेतल्या ओढ्यांची वेळ लक्षात ठेवा. बर्फ दुपारच्या उन्हात वितळतं, ते पाणी खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते. सकाळी नऊला घोटाही न भिजवता ओलांडलेला ओढा साडेपाचला गुडघ्याला लागतो, आणि गढूळ झाल्याने तळ दिसत नाही. तिथे चालवत जायचं नाही. उतरायचं, सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, म्हणजे पाण्याने ती ओढली तरी तुमच्या पायांवर येत नाही. गुडघ्याच्या वर पाणी आणि वेगही असेल तर काठावर बसून राहायचं. पाणी उतरायला सकाळ उजाडली तरी.