'टेस'ची स्वस्त आवृत्ती: छपाई चांगली, पण निकालच गाळलेला

टॉमस हार्डीची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ऑनलाइन मागवली, इंग्रजी पेपरबॅक, २४० रुपयांना. अक्षर मोठं, बांधणी पक्की. दोनदा वाचून झाली तरी पान सुटलं नाही. मागच्या टिपा तर फारच उपयोगी. 'द ग्राफिक' साप्ताहिकात ही कादंबरी क्रमशः येत होती, तेव्हा नायिका टेसचा पुढे नवरा होणाऱ्या एंजलनं गवळणींना उचलून पाण्यापलीकडे नेणंसुद्धा चाललं नाही, हार्डीला तिथे हातगाडी आणावी लागली, हे मला टिपेतूनच कळलं.

तक्रार एकच. १८९१ साली शेवटची प्रुफं वाचून झाल्यावर हार्डीनं नावाखाली 'एक शुद्ध स्त्री' ही ओळ घातली. पुढे सगळ्यात जास्त वाद तिच्यावरच झाला. या प्रतीत ती ओळ नाही. उलट मलपृष्ठावर 'पतित स्त्रीची कहाणी' असं छापलंय. मी कोर्टात स्टेनो आहे, दिवसभर निकाल टंकते. निकालातला एक शब्द गळला तरी माणसाचं काय होतं ते रोज बघते. इथे तर लेखकाचा अख्खा निकाल गाळून गावाचा निकाल डकवलाय.

आणि गावाचा न्याय कसा, तेच तर हार्डी दाखवतो! लग्नाच्या रात्री एंजल लंडनमधल्या आपल्या दोन दिवसांची कबुली देतो, टेस लगेच माफ करते. मग त्याच शेकोटीपाशी ती आपलं सांगते, ॲलेक या श्रीमंत तरुणानं तिला कसं नासवलं ते, तर एंजल म्हणे तू आता ती राहिलीच नाहीस.

माझ्या मनातून जात नाही तो टेसच्या घरचा प्रिन्स घोडा. मधमाश्यांची पोळी बाजाराला नेताना टेसला गाडीवर डुलकी लागते, आणि समोरून आलेल्या टपालगाडीचा टोकदार दांडा त्याच्या छातीत घुसतो. ती धावत जाऊन त्या जखमेवर हात दाबते, तर रक्ताची चिळकांडी तोंडापासून परकरापर्यंत. घरचं कुणी फारसं बोलत नाही, ती स्वतःच स्वतःला गुन्हेगार ठरवते, आणि त्या ओझ्याखाली ॲलेकच्या दारी जाते. पुढे तोच लाल रंग कुंपणावर बायबलच्या धमक्या होऊन येतो, आणि शेवटी टेस ॲलेकला भोसकते तेव्हा खालच्या खोलीच्या छतावर बदामाच्या एक्क्यासारखा पसरतो. टेसच्या फाशीचा काळा झेंडा चढल्यावर हार्डी 'न्याय' झाला म्हणतो, तोही 'न्याय' अवतरणचिन्हांत. या प्रतीत ती चिन्हं शाबूत आहेत, नशीब!

पाचपैकी तीन तारे. घेणार असाल तर विक्रेत्याकडून आतल्या शीर्षकपानाचा फोटो आधी मागवा. ती ओळ दिसली तरच पैसे भरा.