दुकानात चालतो, घरी लॉक होतो: सेकंडहँड हलक्या लॅपटॉपमधली फसवणूक

जाहिरात अशी होती: ‘डेल लॅटिट्यूड ७२९०, आय७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, वजन सव्वा किलोच्या आत, विंडोज ११ ओरिजिनल, बॅकअप सहा तास, कंपनी लॉट, फ्रेश पीस.’ घेणारा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. आठवड्यातले बरेच दिवस एसटीत आणि लॉजवर जाणारे, म्हणून पाठीवर ओझं होणार नाही असा छोटा लॅपटॉप त्याला हवा होता. दुकानात मशीन पटकन सुरू झालं, स्क्रीन स्वच्छ होती, कीबोर्डही कोरा वाटत होता. पैसे रोख दिले, पावती हाताने लिहिलेली कच्ची मिळाली, आणि वर ‘एक महिना चेकिंग वॉरंटी’. तो महिना उलटल्यावर मशीन संथ वाटायला लागलं, म्हणून त्याने विंडोज रिसेट केलं. पुन्हा सेटअप करताना वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर एका परदेशी कंपनीचं नाव आलं. खाली त्या कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागणारा रकाना. पुढे जायला वाटच नव्हती.

बाकीचं नंतर उघड झालं. मशीन ७२९० नव्हतं, ७२८० होतं. दोन्ही बाहेरून इतकी सारखी दिसतात की नवखा माणूस फरक ओळखणार नाही. तळाला चिकटवलेला सर्व्हिस टॅग (डेलचा मशीन ओळखायचा क्रमांक) आणि बायोसमधला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमधला, सर्व्हिस टॅग जुळत नव्हते. प्रोसेसर आय७ होता हे खरं, पण आय७-६६००यू, म्हणजे सहाव्या पिढीचा, दोन कोरचा. खऱ्या ७२९० मध्ये येणारा साधा आय५-८३५०यू चार कोरचा असतो आणि कामात याच्या बराच पुढे असतो. ‘आय७ म्हणजे भारी’ या समजुतीवरच हा व्यवहार चालतो. डॅशनंतरचा पहिला आकडा (दहाव्या पिढीपासून पहिले दोन) पिढी सांगतो, तो आधी वाचा.

पिढीचा प्रश्न आता आणखी महत्त्वाचा झाला आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची मशीन कंपन्यांनी मोठ्या संख्येने काढून टाकली. त्यांच्यावर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवलं जातं आणि ती ‘विंडोज ११ रेडी’ म्हणून विकली जातात. चालतात नीट, पण विंडोजची पुढची मोठी आवृत्ती आपोआप मिळेल याची खात्री नसते.

आता लॉकबद्दल, कारण इथे सगळे पैसे एकदम बुडतात. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट सेवेत नोंदवतात, म्हणजे मशीन कंपनीच्या खात्याशी बांधून ठेवतात. ही नोंद मशीनच्या हार्डवेअरच्या ओळखीवर असते आणि सर्व्हरवर राहते. म्हणून एसएसडी बदलली, विंडोज दहा वेळा नव्याने टाकलं तरी ती जात नाही. नोंद तपासली जाते ती फक्त पहिल्या सेटअपच्या वेळी, इंटरनेट जोडल्यावर. विकणारा नेमकं एवढंच टाळतो. तो इंटरनेट न जोडता सेटअप पूर्ण करतो आणि डेस्कटॉपपर्यंत आणलेलं मशीन तुमच्या हातात देतो. तुम्ही वायफाय जोडलं तरी काही होत नाही, कारण सेटअपची वेळ निघून गेलेली असते. पुढचा रिसेट कधीतरी होतोच. त्या दिवशी विकणारा ‘सॉफ्टवेअर प्रॉब्लेम आहे, बोर्डाचं काम लागेल’ असं सांगून वेगळे पैसे मागतो. नोंद मूळ मालक कंपनीने स्वतःच्या खात्यातून काढली तरच जाते. असा लॅपटॉप चोरीचाच असतो असं नाही. बऱ्याचदा कंपनीने भंगारात काढताना नोंद काढायची राहून गेलेली असते. पण तुमच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही.

यावर एकच खात्रीची तपासणी आहे आणि ती घ्यायच्या आधी, दुकानातच करायची. विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा: ‘रिसेट धिस पीसी’ मधून सगळं पुसून ठेवा आणि मशीन भाषा-देश निवडायच्या पहिल्या स्क्रीनवर बंद करून ठेवा. दुकानात गेल्यावर आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून सेटअप स्वतः करा. नोंद असेल तर कंपनीचं नाव किंवा ऑफिसच्या खात्याची सक्ती लगेच समोर येते. ‘आमच्याकडे सगळं टाकून तयार मिळतं, परत कशाला’ असं कोणी म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा. प्रामाणिक विक्रेते या मागणीला नाही म्हणत नाहीत. त्यांनी ते आधीच करून पाहिलेलं असतं.

मॅकबुक एअर घेत असाल तर हेच पण दोन ठिकाणी पाहायचं. जुन्या मालकाचं आयक्लाउड खातं निघालेलं हवं, आणि पुसून पहिला सेटअप करताना ‘रिमोट मॅनेजमेंट’ची स्क्रीन येता कामा नये. एम१ एअर १.२९ किलोचं, बिनपंख्याचं आणि प्रवासाला चांगलं मशीन आहे, म्हणूनच त्यात लॉक लागलेला माल जास्त फिरतो.

दुसरं कुलूप बायोसचं. सुरू होताना डेलला एफ२, लेनोवोच्या थिंकपॅडला एफ१, एचपीला एफ१० दाबून आत जा. पासवर्ड मागितला तर ते मशीन नको. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर लेनोवोच्या मते बोर्ड बदलण्याशिवाय उपाय नाही. डेलच्या बायोसमध्ये सिक्युरिटीखाली कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट या नावाची नोंद बघा. ती ॲक्टिव्हेट केलेली असेल तर जुना मालक हे मशीन दुरून शोधू आणि बंद करू शकतो.

बॅटरीवर आम्ही मुद्दाम जास्त लिहितो, कारण प्रवासाच्या लॅपटॉपचा सगळा उपयोग तिच्यावर आहे आणि इथली लबाडी सगळ्यात सफाईदार असते. बॅटरी रिपोर्ट कसा काढायचा हे आता बहुतेकांना माहीत आहे: कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून ‘/बॅटरीरिपोर्ट’. त्यात मूळ क्षमता, सध्या पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता आणि सायकलची, म्हणजे पूर्ण चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांची, संख्या मिळते. पण हे आकडे बॅटरीतली चिप सांगते, आणि स्वस्त डुप्लिकेट पॅकची चिप हवं ते सांगते. पाच-सहा वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी आणि सायकल शून्य असेल, तर एक तर बॅटरी नवी आहे किंवा चिपमधले आकडे खोटे आहेत. यातलं काय खरं, हे रिपोर्टवरून कळत नाही, चालवून पाहावं लागतं.

त्यासाठी अर्धा तास लागतो. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास असताना चार्जर काढा, ब्राइटनेस मध्यम ठेवा, यूट्यूब लावा. ‘एचडब्ल्यूइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये बॅटरीतून किती वॉट जातात ते दिसतं. समजा सरासरी १० वॉट जात आहेत. अर्ध्या तासात ५ वॉट-तास खर्च होतात. बॅटरी खरोखर ६० वॉट-तासांची असेल तर टक्केवारी आठ-नऊने उतरायला हवी. वीसने उतरली तर हातात आहे ती जेमतेम २५ वॉट-तासांची बॅटरी, रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो. जुने सेल भरलेल्या पॅकची आणखी एक खूण असते: पस्तीस-चाळीस टक्क्यांवर असताना मशीन एकदम बंद पडतं, कारण लोड आला की सेलचा व्होल्टेज कोसळतो.

मशीन काचेच्या सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबा. डुगडुगत असेल, टचपॅडचं बटण कडक लागत असेल किंवा मधून उचललेलं दिसत असेल, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. फुगलेली बॅटरी घेऊन विमानात किंवा रात्रीच्या बसमध्ये बसणं धोक्याचं आहे. यावर भाव कमी करून घेऊ नका, मशीन सोडा.

चार्जरही तपासा. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन मशीनला चार्जर किती वॉटचा आहे ते सांगते. डुप्लिकेट चार्जर ओळखला गेला नाही की बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालतो. सुरुवातीला येणारी सूचना बायोसमधून बंद करता येते, म्हणून सूचना दिसली नाही यावर विसंबू नका. बायोसमध्ये ॲडॉप्टरसमोर ‘६५ वॉट’ दिसतं का ते पाहा. २०१७ ते २०१९ च्या काही थिंकपॅडमध्ये, उदाहरणार्थ एक्स२८० आणि एक्स१ कार्बनच्या पाचव्या-सहाव्या पिढीत, थंडरबोल्टच्या फर्मवेअरमधल्या (चिपमध्येच असणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) दोषामुळे यूएसबी-सी पोर्ट निकामी व्हायचे. लेनोवोने त्यावर दुरुस्तीचं फर्मवेअर दिलं, पण आधीच गेलेला पोर्ट त्याने परत येईलच असं नाही. दोन्ही पोर्टमधून चार्ज होतंय का ते स्वतः बघा.

एसएसडीसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ पुरेसं आहे: हेल्थ, किती तास चालली, आणि कंपनीचं नाव. नाव नसलेली ५१२ पेक्षा नाव असलेली जुनी २५६ बरी. एक्स२८० सारख्या मशीनमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ‘नंतर वाढवून देतो’ हे तिथे शक्यच नाही. विंडोजचा परवाना पाहायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ टाका. संपण्याची तारीख दाखवली तर बहुधा चोरीचं ॲक्टिव्हेशन आहे. त्यासाठी अँटीव्हायरसमध्ये फोल्डर वगळलेले असतात, आणि अशा मशीनवर नेट बँकिंग करू नये.

ऑनलाइन व्यवहारात मशीन बघण्याआधीच टोकन मागतात, किंवा ‘पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकलेली असते. मोबाइल हरवला तर सीईआयआर या सरकारी पोर्टलवर आयएमईआय बंद करता येतो, लॅपटॉपसाठी तशी सोय नाही.

पक्क्या बिलावर मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, बायोसमधला सर्व्हिस टॅग आणि ‘कोणत्याही कंपनीच्या व्यवस्थापनाखाली नाही’ हे वाक्य लिहून घ्या. जाहिरातीचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, जाहिरात नंतर गायब होते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं पाहून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही तसंच. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, ई-जागृती पोर्टलवरून करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल फर्मच्या नावावर असेल तर समोरचा ‘व्यापारी वापर’ म्हणून हरकत घेतो. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. तक्रारीत ते पहिल्याच परिच्छेदात लिहा.